कर्ण आणि शेकूची बायको

हॉस्टेलमध्ये परीक्षेच्या तोंडावर भांडणं होतात ती साधारण तीन गोष्टींवरून: बादली, गीझर आणि जर्नल. आमच्या खोलीत यंदा भांडण झालं ते कर्णावरून. हो, महाभारतातल्याच. आणि ते इतकं वाढलं की पीएलचे दोन दिवस मी आणि माझी रूममेट एकमेकींशी फक्त "लाइट बंद करू का?" एवढंच बोललो.

झालं असं. रात्री मेसवरून आल्यावर चारपाच जणी आमच्या खोलीत टेकल्या होत्या. अभ्यास सोडून सगळे विषय झाले आणि गाडी पुस्तकांवर आली. 'मृत्युंजय' हे आमच्या विंगमध्ये सतत फिरतं असलेलं पुस्तक आहे. त्याचं मूळ कव्हर केव्हाच गेलंय. वर कुणीतरी जुन्या ड्रॉइंग शीटचं कव्हर घातलंय, त्यामुळे कर्णाच्या पाठीवर कायम एक अर्धवट आयसोमेट्रिक व्ह्यू असतो. रूममेटनं ते तीनदा वाचलंय. मी मात्र पहिल्यांदाच, आणि तेही तब्बल दीड महिना घेऊन, संपवलं होतं. सिस्टर्सच्या शाळेत शिकलेल्या आणि मराठी विषय जेमतेम मार्कांपुरता केलेल्या मुलीला त्या पुस्तकात पानाला तीन शब्द अडतात. ते सगळे शब्द मी हिलाच विचारले होते, म्हणजे माझा अपराध किती मोठा ते लक्षात येईल. सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हणाले, "भारी आहे. पण कर्णाचं कॅरॅक्टर नीट डेव्हलप नाही झालं असं वाटतं."

खोलीत एकदम शांतता. मग रूममेट म्हणाली, "कर्णाचं? नऊ भागांचं पुस्तक आहे, त्यातले चार भाग तो स्वतः बोलतो. अजून किती डेव्हलप करायचं?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण माझा मुद्दा असा होता (आणि अजूनही आहे) की पानं भरली म्हणजे माणूस भरतो असं नाही. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आपल्यातल्या कित्येकांच्या एटीकेटी तोपर्यंत निघालेल्या नसतात, तेव्हा या माणसानं महाभारत कर्णाच्या बाजूनं लिहून काढलं होतं. त्याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही. कल्पनाही जबरदस्त आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांनी आपापल्या तोंडानं गोष्ट सांगायची. म्हणजे एकाच वस्तूचे सहा व्ह्यू. फ्रंट, टॉप, साइड आणि वर आणखी तीन. आता सहा बाजूंनी काढलेलं चित्र नक्कीच भरीव दिसायला हवं ना?

पण मला ते दिसेना. का दिसत नाही ते शोधायला आम्ही त्याच रात्री एक प्रयोग केला. एकीनं पुस्तक कुठेही उघडायचं, ज्या परिच्छेदात कुणाचं नाव किंवा नातं येत नाही असा एक मोठ्यानं वाचायचा, आणि बाकीच्यांनी ओळखायचं की हे कोण बोलतंय. दहा परिच्छेद वाचले. जिनं पुस्तक तीनदा वाचलंय तिला चार आले. मला दोन आले आणि त्यातलाही एक अंदाजपंचे. कारण राजवाड्यात वाढलेला दुर्योधन, सारथ्याच्या घरातला शोण, आयुष्यभर एक गोष्ट पोटात दाबून बसलेली कुंती, सगळे एकाच भारदस्त, उपमांनी लगडलेल्या भाषेत बोलतात. सगळ्यांना सूर्य, नदी, आकाश हेच आठवतं. सहा माइक आहेत पण अॅम्प्लिफायर एकच आहे, आणि आपल्याला शेवटी ऐकू येतो तो अॅम्प्लिफायरचा आवाज. वृषालीचं तर मला फारच वाईट वाटलं. लेखकानं तिला स्वतःचा भाग दिला, स्वतःचा 'मी' दिला, आणि त्या सगळ्या 'मी'मध्ये तिनं नवऱ्याशिवाय दुसरं फारसं काही पाहिलेलंच नाही.

दुसरं म्हणजे द्यूतसभा. व्यासांच्या महाभारतात कर्ण तिथे द्रौपदीबद्दल जे बोलतो ते अत्यंत वाईट आहे. दानशूर, सोसणारा, अपमान गिळणारा हा माणूस संधी मिळताच दुसऱ्याचा तसाच अपमान करतो. मला विचाराल तर कर्ण खरा माणूस होतो तो तिथे. पण कादंबरी त्या ठिकाणी आली की मला सारखं वाटत राहतं, लेखक आता कर्णाचं वकीलपत्र घेऊन उभा राहणार. आणि तो राहतोच. ज्याची बाजू सतत कुणीतरी मांडत असतं त्याची ओळख आपल्याला होत नाही, त्याच्या वकिलाची होते.

हे सगळं मी त्या रात्री जरा जोरातच मांडलं. वर ई. एम. फॉर्स्टरही काढला. शाळेत आमच्या इंग्लिशच्या सिस्टरनी तो सांगितला होता. फॉर्स्टरनं १९२७ साली केंब्रिजला व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक झालं 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'. त्यात तो म्हणतो की पात्रं दोन तऱ्हेची, चपटी आणि गोल. चपटं पात्र एका वाक्यात सांगून संपतं. गोल पात्राची कसोटी ही की ते आपल्याला आश्चर्याचा धक्का देतं आणि तरीही पटतं. धक्का दिला पण पटला नाही, तर ते गोल असल्याचं सोंग आणलेलं चपटं पात्र. मी विजयी मुद्रेनं म्हणाले, "कर्ण मला एकदाही धक्का देत नाही."

(फॉर्स्टरचा अर्धा भाग मी सोयीस्करपणे गाळला होता, तो इथे सांगून टाकते. तो म्हणतो की डिकन्सची माणसं जवळजवळ सगळी चपटी आहेत, तरी ती जिवंत वाटतात. म्हणजे चपटेपणा हा काही गुन्हा नाही. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'च घ्या. तिच्यातली माणसं मोजपट्टी लावली तर चपटीच निघतील. पण कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर जा, एक दिग्या सापडतोच, आणि २०१३ चा सिनेमा आल्यावर तर स्वतःला दिग्या समजणारे पाच सापडायला लागले. एवढ्यांच्या अंगाला बसणारा शर्ट शिवणं सोपं नाही.)

तर फॉर्स्टर ऐकून रूममेट उठली, पुस्तक माझ्या टेबलावरून उचलून तिच्या कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "तुला कर्ण कळणारच नाही. तुला कधी कुणी विचारलंय, तू इथे कशी?"

सभा बरखास्त झाली.

तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला दोन दिवस लागले. खरं तर तेवढेही लागायला नको होते, कारण त्या वेळी मी तिच्या शेजारीच उभी होते. पहिल्या वर्षाची ओरल. बाहेरून आलेले एक्स्टर्नल. प्रश्न होता, फ्लायव्हील आणि गव्हर्नर यांत फरक काय. आदल्या रात्री हाच प्रश्न तिनं मला समजावून सांगितला होता, मराठीतून, मेसच्या ताटलीला फ्लायव्हील करून. एका फेऱ्यातले वेगाचे चढउतार फ्लायव्हील सांभाळतं, आणि लोड कमीजास्त झाला तर इंधन कमीजास्त करून गव्हर्नर वेग सांभाळतो. तिनं सरांना तेच सांगायला सुरुवात केली, पण दोन वाक्यांनंतर इंग्लिश संपलं आणि मराठी सुरू झालं. सरांनी थांबवलं. शाळा कुठली ते विचारलं. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेचं आणि गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग इथे कशाला आलीस?" पुढचा नंबर माझा. मला तोच प्रश्न. मी धडाधड इंग्लिशमध्ये उत्तर दिलं आणि त्यात फ्लायव्हीलचं काम गव्हर्नरला आणि गव्हर्नरचं फ्लायव्हीलला लावलं. सर म्हणाले, "गुड." मला पंचवीसपैकी बावीस, तिला पंधरा.

महाभारतात कर्ण पहिल्यांदा सगळ्यांसमोर येतो तो असाच. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर राजपुत्रांची परीक्षा चालू आहे. अर्जुनानं जे जे करून दाखवलं ते सगळं कर्णानं करून दाखवलंय. आता द्वंद्व होणार, आणि कृपाचार्य मध्येच विचारतात, तुझं कुळ कोणतं? बाणांबद्दल कुणी एक अक्षर विचारत नाही. थोड्या वेळानं अधिरथ येतो, बाप दिसतो, आणि भीम हसून म्हणतो की तुझ्या हातात चाबूकच शोभेल. दुर्योधनाबद्दल काहीही म्हणा, त्यानं त्या क्षणी उठून अंगदेशाचं राज्य तरी दिलं. मी त्या दिवशी ओरलच्या खोलीतून बाहेर आले आणि कॅन्टीनला गेले.

आता प्रश्न असा आहे की या गोष्टीचा कादंबरीशी काय संबंध? माझ्या मते आहे. व्यक्तिरेखा पूर्ण झाली की नाही हे आपण पुस्तकाबद्दल बोलतोय असं समजून बोलतो. पण त्यातला काही भाग वाचणारा स्वतःच्या खिशातून घालत असतो. रूममेट 'मृत्युंजय' वाचते तेव्हा रंगभूमीच्या प्रसंगात कर्णाच्या पोटात काय झालं हे सावंतांनी तिला सांगायची गरजच नसते, ते तिच्याकडे तयार असतं. लेखकाच्या उपमा तिला जड होत नाहीत कारण त्यांच्याखाली तिनं आपलं वजन ठेवलंय. माझ्याकडे ठेवायला तसं काही नव्हतं, म्हणून मला नुसत्या उपमा दिसल्या.

पण मग "ज्याला जसं वाटेल तसं" म्हणून हा विषय सोडून द्यायचा का? मला ते पटत नाही. दहापैकी चार परिच्छेद ओळखता येणं ही गोष्ट माझ्या कॉन्व्हेंटमुळे झालेली नाही. ती पुस्तकात आहे. वाचणाऱ्यानं आपल्याकडचं घालावं हे ठीक, पण लेखकानं वाचणाऱ्याच्या दुःखावर किती उधारी करावी याला काही हिशेब हवा.

म्हणून समेटाच्या वाटाघाटीत मी तिला माझं आवडतं पुस्तक दिलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. 'मृत्युंजय'च्या शेजारी ठेवली तर वहीसारखी दिसते. औंध संस्थानातली, माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे शाळामास्तर म्हणून गेलेला एक पोरगेला तरुण, आणि तो जे पाहतो ते. त्यात शेकू नावाचा एक धनगर आहे. पेरणीच्या दिवसांत त्याच्याकडे बैल एकच, जोडीला दुसरा मिळत नाही. मग त्याची बायको स्वतः जुवाखाली जाते, एका बाजूला बैल आणि एका बाजूला ती.

संपलं. तिच्या मनात काय चाललं होतं, डोळ्यांत पाणी होतं का, तिला कुणाची आठवण आली, काही नाही. दिसायला कशी ते जेमतेम. तिला स्वतःचा भाग नाही, 'मी' नाही. तरीही मला तिच्याबद्दल सगळं माहीत आहे असं वाटतं. उद्या घरात आजारपण आलं तर ती काय करील, नवरा चिडला तर काय बोलेल, हे मी सांगू शकते.

आमच्या एसओएम लॅबमध्ये युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन आहे. माइल्ड स्टीलचा दांडा त्यात धरतात आणि ओढतात. ओढण्याआधी दांड्याकडे कितीही वेळ पाहिलंत, वरून कितीही पॉलिश केलंत, तरी त्याच्याबद्दल काही कळत नाही. लोड चढायला लागला की तो थोडा थोडा लांबतो, मग एका ठिकाणी अचानक नमतो, मध्येच बारीक होतो आणि मोठा आवाज करून तुटतो. त्या आलेखात त्याचा सगळा स्वभाव येतो. माडगूळकर वर्णनाचं पॉलिश करत नाहीत, लोड लावतात. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याचं मन मास्तरांबद्दल फिरतं तेव्हा कारभारी कळतो. तालीम बांधायची म्हटल्यावर वाडी कळते. शेवटी दुष्काळ येतो, सगळ्यात मोठा लोड, आणि माणसं एकेक करून वाडी सोडतात.

याच हिशेबानं 'कोसला' पाहिली तर गंमत येते. (नेमाडे १९६३ मध्ये पंचवीस वर्षांचे. या लोकांना सबमिशन नव्हती का?) पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपल्यातलाच एक: गावाहून पुण्याला आलेला, हॉस्टेलवर राहणारा, उत्साहात मेस अंगावर घेऊन तोंडघशी पडणारा. त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मुळे तो डोळे मिटून ओळखता येतो, आमच्या प्रयोगात दहापैकी दहा. पण बाकीचे? त्याचे वडील पाहा. शेकडो पानं आपण त्यांच्यावर रागावलेलो असतो आणि ते रात्री एकटे असताना काय विचार करतात याचा एक शब्द आपल्याला मिळत नाही. फॉर्स्टरच्या मोजणीत ते चपटे. तरी मी याला दोष म्हणणार नाही, कारण विसाव्या वर्षी सगळ्यांचेच वडील अर्धवट रंगवलेले असतात. आणि मनी, त्याची धाकटी बहीण. ती देवीच्या आजारात जाते. तिच्याबद्दल लेखकानं फार काही सांगितलेलं नसतं. पण ती गेल्यावर पांडुरंगाचं जे होतं, त्यातून ती मागाहून मोठी होत जाते. मी ते मेसच्या रांगेत उभी राहून वाचत होते आणि ताट न घेताच परत आले.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर आमच्या विंगमधल्या मुलींचा राग आहे, की शिरोडकर कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, ती नुसती दिसते. बरोबर आहे. पण सांगणारा नववीतला मुकुंद जोशी आहे आणि त्यालाही ती कळलेली नाही, म्हणून तर तो एवढा हैराण आहे. तिथे ती आपल्याला जास्त कळली असती तर तो खोटा पडला असता. सांगणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच द्यायचं आणि बाकीचं झाकलेलं ठेवायचं, हे मला सहा जणांना एका आवाजात बोलायला लावण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं.

असो. 'बनगरवाडी' रूममेटनं दोन रात्रींत संपवली. मी उत्सुकतेनं विचारलं, शेकूची बायको कशी वाटली?

ती म्हणाली, "त्यात काय? माझ्या आजीनं कोळपं ओढलंय. दोन वर्षं. आमच्याकडे अजूनही ओढतात." मग जरा थांबून, "तुला ते नवीन आहे ना, म्हणून तुला ती बाई एवढी मोठी वाटते."

मला खरंच काही सुचेना. म्हणजे जिथे तिनं खिशातून घालायचं तिथे तिला काही घालावंसं वाटलं नाही, कारण ते तिच्या घरचंच होतं, आणि मी मात्र लांबून आलेल्या पाहुण्यासारखी थक्क होऊन बघत होते. माझ्या "सगळं माहीत आहे असं वाटतं"चं काय करायचं आता? मला त्या बाईबद्दल काय माहीत आहे? कोळपं कसलं असतं, ते ओढल्यावर खांद्याला काय होतं, हे मी तिला त्यानंतर विचारलं. तिनं दाखवलं, माझ्याच ओढणीची दोरी करून, खुर्चीला बांधून. खुर्चीवर एक जण बसली आणि मी ओढत होते. सात-आठ फूट गेले असेन.

नंतर रात्री उशिरा, मला झोप लागत आली असताना, ती अंधारात म्हणाली, "एक आहे पण. त्यानं तिला रडवलं नाही. ते बरं केलं."

मी म्हणाले, "मग कर्णाला का रडवलं?"

"कर्णाला रडायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. "शेकूच्या बायकोला शेकू होता."

हे उत्तर मला पटलेलं नाही. शेकू होता म्हणूनच तर ती जुवाखाली गेली, असं माझं म्हणणं आहे, आणि त्यावर दुसरं भांडण सुरू झालंय. 'मृत्युंजय' तिच्या कपाटातून बाहेर आलंय. 'बनगरवाडी' मात्र अजून तिच्या उशाशीच आहे. लायब्ररीची तारीख मंगळवारी उलटून गेली. दंड कुणी भरायचा ते अजून ठरलेलं नाही.